अव्वाचा तळहात

॥ श्री रामलिंग प्रसन्न ॥

धाराशिव
३ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. महादेवीस कल्याणप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मुलगा अंगाने भरतो आहे हे वाचून बरे वाटले. अव्वा तुझ्या बाळंतपणाला बार्शीस गेली त्याला दीड महिना झाला. ती नाही तर इथे घरात काही जागेवर सापडत नाही. तुझी वहिनी सगळे करते, पण करण्याआधी विचारते आणि केल्यावरही विचारते.

आता मुख्य. फटफटीचा भाग विलायतेहून आला. मॅग्नेटोचा पॉइंट झिजल्यामुळे ठिणगी पडत नाही आणि उन्हाळ्यापासून गाडी गोठ्यात उभी आहे, हे तुला ठाऊक आहेच. मुलांनी तिच्यावर बसून ऊस खाण्यापलीकडे तिचा उपयोग उरला नव्हता. भाग केवढा, तर सुपारीएवढा. तो सोलापुरातही मिळत नाही. लढाई संपली तरी बोटीने सहा महिने घेतले. मुंबई बंदरात त्यावर इंग्रजाची जकात भरली. पार्सल मी मुद्दाम बार्शीस, तुमच्या इंग्रजी हद्दीत, तुझ्या पत्त्यावर मागवले आहे. कारण बार्शीहून गाडीत बसले की दोन तासांत निजामाची हद्द आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. त्याच वस्तूवर पुन्हा जकात. तीही मी दात खाऊन भरली असती, पण मोटारीच्या सामानाला हैदराबादचा परवाना हवा, आणि आज अर्ज केला तर परवाना होळीला मिळेल. परवाना नसला तर माल जप्त.

मला तेवढा वेळ नाही. २१ तारखेला लोहाऱ्यास तहसीलदारांपुढे माझी पेशी आहे. कंट्रोलच्या कापडाचे दुकान मला द्यायचे की बिराप्पाला, हे त्या दिवशी ठरेल. बिराप्पा घोड्यावरून येणार. मी बैलगाडीतून उतरावे आणि धोतराला लागलेला कडबा झटकत साहेबापुढे जावे, अशी तुझी इच्छा नसेल.

तेव्हा पार्सल आले की फोडून ठेव आणि अव्वा परत येताना तिच्याबरोबर कसे पाठवता येईल ते कळव. आपल्या आईसारख्या म्हातारीला कोण तपासतो?

बाळास गोड पापा. माया आहे तशी असू द्यावी.

कल्याणप्पा


॥ श्री ॥

बार्शी
६ नोव्हेंबर १९४६

ती. अण्णांच्या चरणी महादेवीचे शरणार्थ. वि. वि.

पार्सल काल आले. इतक्या कागदांत, इतक्या भुशात, एवढेसे! मी आधी भुसाच चाळत बसले. अव्वा म्हणाली की कल्याणने विलायतेहून खिळा मागवला काय. मी म्हटले, होय, आणि तो अण्णांना सोन्याच्या भावाने पडला.

तुमची युक्ती चालायची नाही. म्हातारीला कोण तपासतो असे तुम्ही लिहिता, पण नाक्यावर आता बायकांच्या झडतीला बाई ठेवली आहे. ती पदराच्या गाठीसुद्धा सोडून बघते. शिवाय अव्वा खोटे बोलणार नाही. येताना तिने न विचारता लोणच्याची बरणी पुढे केली आणि यावर किती द्यायचे म्हणून विचारले. नाक्यावरची माणसे हसली. तिच्या अंगावर असते काय? एक लुगडे आणि गळ्यातली चांदीची गुंडगडगी. त्या डबीत लिंग असते म्हणून ती बाई तिला हात लावीत नाही, दुरून नमस्कार करते, असे अव्वा कौतुकाने सांगत होती.

तिचा मोतीबिंदू वाढला आहे. दिव्याभोवती तिला नुसता पिवळा डाग दिसतो म्हणे. पण डोळ्यांतून गेले ते हातात आले आहे. बाळाला ताप आला तो तिने डॉक्टरांच्या आधी तळहाताने सांगितला. दुपट्यांतले कोणते ओले, कोणते दमट, ती अंधुक उजेडात ओळखते. सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसते ती अर्धा तास. बाळ रडो, दूध उतू जावो. तोवर पाण्याचा घोट नाही. पन्नास वर्षांत एकदाही चुकले नाही असे ती सांगते, आणि सांगताना तिचा आवाज मुलीसारखा होतो.

भाग मी जपून ठेवला आहे. रीतसर परवाना काढावा हे बरे. बिराप्पांच्या घोड्याला त्या दिवशी पोटशूळ उठावा अशी मी प्रार्थना करीन.

आशीर्वाद कमी पडू देऊ नयेत.

आपली
महादेवी


॥ श्री रामलिंग प्रसन्न ॥

धाराशिव
९ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. महादेवीस आशीर्वाद. वि. वि.

तू युक्ती चालायची नाही म्हणून लिहिलेस आणि त्याच पत्रात युक्ती दिलीस. भाग गुंडगडगीत बरोबर बसेल. मी वहिनीच्या डबीचे माप घेऊन पाहिले.

मी १४ तारखेस येतो आणि १५ ला अव्वाला घेऊन निघतो. निघायच्या दिवशी तिची पूजा झाली की तू बाळाला तिच्या मांडीवर दे आणि तिला बोलण्यात गुंतव. बाकी मी पाहतो. तिचे लिंग तू आपल्या देव्हाऱ्यात ठेव. मी ते खिशात घेऊन निघालो आणि झडतीत सापडले, तर गळ्यात एक आणि खिशात एक, एका माणसाजवळ दोन लिंगे कशी, याला उत्तर नाही. इथे मठातून महांतप्पा स्वामींकडून मी तेवढ्याच आकाराचे नवे लिंग आणून ठेवले आहे. घरी आल्यावर भाग काढून ते डबीत घालीन. सकाळी ती पूजेला बसेल. काळा गुळगुळीत गोळा तोही आणि हाही. तिला दिसत नाही. दिवाळी-दसऱ्याला तिचे तिला परत मिळेलच.

यात पाप असेल तर ते माझ्या नावावर. तुला नको वाटत असेल तर तसे स्पष्ट लिही. मात्र अव्वाच्या मागे तुला माहेर म्हणून या घरी यायचे आहे, साडीचोळीचा हात माझा आहे, हेही त्याच बैठकीत विचारात घे.

बाळासाठी चांदीचे वाळे करायला टाकले आहेत. माया वाढावी.

कल्याणप्पा


॥ श्री रामलिंग प्रसन्न ॥

धाराशिव
१६ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. महादेवीस आशीर्वाद. वि. वि.

आम्ही काल सुखरूप पोचलो. नाक्यावर माझे धोतर, टोपी, जोडेसुद्धा झाडून पाहिले. दशम्यांचे गाठोडे सोडले. झडतीच्या बाईने अव्वाच्या डबीला नमस्कार केला, आणि अव्वाने तिला तोंडभरून आशीर्वाद दिला. मी खोकला आल्याचे निमित्त करून तोंड फिरवले. असे हसू मला लहानपणापासून आले नव्हते.

घरी आल्यावर मी अव्वाला म्हटले की डबीचा दोरा मळला आहे, बदलून देतो. तिने गळ्यातून काढून दिली. आजवर तिने ती बाबांनासुद्धा कधी दिली नव्हती. मी नव्या दोऱ्यात ओवून परत बांधली. लेकाच्या हातचा दोरा म्हणून ती दिवेलागणीपर्यंत शेजारणींना दाखवीत होती. भाग बसवला. चौथ्या लाथेला फटफटी सुरू झाली. गल्ली गोळा झाली.

आज सकाळी मात्र तिने लिंग तळहातावर घेतले आणि म्हणाली की हे माझे नव्हे. मी म्हटले, तुझेच. ती म्हणाली की माझ्याला अंगठ्याच्या बाजूला एक सपाटी आहे, पन्नास वर्षांची, ती यात नाही. मी म्हटले, डोळे गेले, आता हातही चालले. तिने डबी बंद केली. पूजा केली नाही. दिवसभर पाणीसुद्धा घेतले नाही. म्हातारपणचा हट्ट आहे. पोटात कावळे ओरडले की उतरेल.

तू मात्र यावर अक्षर लिहू नकोस आणि तिचे लिंग पाठवूही नकोस. आता ते इथे आले तर मी काय केले ते गावभर होईल. पेशी पाच दिवसांवर आहे.

बाळाला जप. माझ्यावर राग धरू नये.

कल्याणप्पा


॥ श्री ॥

बार्शी
१८ नोव्हेंबर १९४६

ती. अण्णांना महादेवीचे शरणार्थ. वि. वि.

आपले पत्र काल मिळाले. तेव्हापासून मी जेवले तेवढे घास मोजता येतील, आणि तेही बाळाला दूध हवे म्हणून.

अण्णा, ते लिंग माझ्या देव्हाऱ्यात आहे. मी त्याला हात लावून पाहिले. अंगठ्याच्या बाजूला सपाटी आहे.

त्या दिवशी मी बाळ तिच्या मांडीवर दिले. बाळाच्या जावळावर ती हात फिरवीत होती आणि डबी उघडीच होती. तुम्ही म्हणालात, अव्वा, मी बंद करून गळ्यात बांधतो. तिने मान पुढे केली. मी ते पाहिले आणि बाळाच्या टोपऱ्याबद्दल बोलत राहिले. पाप तुमच्या नावावर असे तुम्ही लिहिले होते. ते तसे राहत नाही.

माझा सव्वा महिना व्हायचा आहे, उंबरा ओलांडता येत नाही. हे जिनिंगच्या कामाला कुर्डुवाडीस गेले आहेत. म्हणून मी ते लाकडी डबीत कापसात घालून आजच्या गाडीने तुमच्या नावे पार्सल केले आहे. ते आले की तिच्या हातात द्या. चुकून बार्शीस राहिले होते असे सांगा. महादेवीने गोंधळ केला म्हणा. सगळे माझ्यावर घाला. ती मला शिव्या देईल आणि पाणी पिईल.

एवढे करावे. पुढे मी काही मागणार नाही. वाळेही नकोत.

आपली
महादेवी


धाराशिव
२० नोव्हेंबर

वन्संस्नी गौराबाईचा शरणार्थ.

म्या चोरून लिवते. माझं अक्षर लागंल तसं वाचा.

तुमचं पार्सल नाक्यावर अडकलंय. आत काय हाय, कुठून आलं, किमत किती, ते ज्याच्या नावानं आलं त्यानं सोता येऊन सांगावं, मगच सोडू, असा कागद काल आला. ह्यांनी कागद वाचला, घडी केली न् कोटाच्या खिशात घातला. म्या म्हनलं, नाका काय लांब न्हाय, फटफटी हाय. तर म्हनले, तिथं जाऊन मी काय सांगू, माझ्या आईचा देव माझ्या आईच्या गळ्यात नव्हता म्हनून?

अव्वांनी चार दिस पानी घेतलं न्हाय. ओठ तेवढे ओले करू देत्यात. काल महांतप्पा स्वामी आले. ह्यांनी त्यास्नी आदी बाहेर बसवून बोलून घेतलं. स्वामी म्हनले की हे जुनंच लिंग हाय, शंका धरू नये. अव्वा म्हनल्या, स्वामी, हरवलं आसंल तर हरवलं म्हना, मी दुसरी दीक्षा घेते. पर हे माझं हाय म्हनू नका. स्वामी खाली बघत बसले.

आज सकाळी लई वाईट झालं. ह्यांनी अव्वांच्या हातावर ते लिंग ठेवलं न् विचारलं, हे तुझं? अव्वा म्हनल्या, न्हाय. मग हे म्हनले, आता दुसरं देतो बघ, बार्शीला राहिलं व्हतं ते आलंय. आन् तेच उचलून पुन्ना तेच ठेवलं. वन्सं, अव्वांचं तोंड काय खुललं ते मला सांगता येत न्हाय. त्या म्हनल्या, व्हय, हेच, हेच माझं. डोळ्यातनं पानी आलं. तवा ह्यांनी सांगितलं की अव्वा, तेच हाय ते. मगाशी न्हाय म्हनलीस तेच. आता तुझ्या हाताचं काय खरं?

अव्वांनी ते डबीत घातलं. मंग हात माझ्याकडं करून म्हनल्या, गौरा, पानी दे.

त्या जेवल्या बी. सगळं पानातलं जेवल्या.

म्या काय करू ते कळवा. न्हायतर नका कळवू. पत्र ह्यांच्या हाती पडंल.

गौराबाई


॥ श्री रामलिंग प्रसन्न ॥

धाराशिव
२३ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. महादेवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आनंदाची बातमी दोन प्रकारची आहे. अव्वाचा हट्ट उतरला. ती वेळेवर पूजा करते, वेळेवर जेवते, कोणाशी वाद घालीत नाही. आणि पेशी उत्तम झाली. कचेरीच्या आवारात फटफटी उभी केली तेव्हा तहसीलदार स्वतः ओट्यावर आले. दोन फेऱ्या मारून आले आणि उतरल्यावर मला अण्णासाहेब म्हणाले. बिराप्पाचा घोडा आवाजाला बुजून दोर तोडून गेला. तुझी प्रार्थना वेगळ्या वाटेने फळली. दुकान मला मिळाले.

तुझे पार्सल नाक्यावर आहे. ते तिथेच राहू दे. तू सांगितले तसे मी अव्वाला सांगितले असते तर काय झाले असते याचा विचार कर. आता ती जेवली आहे. तिचे खरे लिंग बार्शीहून आले असे आज कळले, तर या हाताने दुसऱ्याच लिंगाची पूजा करून आपण जेवलो, हे तिला कळेल. मग ती पाण्यालाही शिवणार नाही आणि कोणाचे ऐकणारही नाही. तेव्हा तिचा जीव हवा असेल तर गप्प राहा. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. तू शहाणी आहेस, तुला पटेल.

वाळे तयार आहेत. लोभात अंतर पडू नये.

कल्याणप्पा


॥ श्री ॥

बार्शी
५ जानेवारी १९४७

ती. अण्णांना महादेवीचे शरणार्थ. वि. वि.

तुम्ही दुकानाच्या मालासाठी हैदराबादेस गेला होता तेव्हा मी बाळाला घेऊन धाराशिवास येऊन गेले. वहिनींनी सांगितले असेलच. दोन दिवस राहिले. वाळे घेतले नाहीत, ते वहिनींच्या पेटीत आहेत.

धाराशिवास येताना मी वाटेत नाक्यावर उतरले. नाक्याचा कागद तुमच्या कोटातून माझ्याकडे कसा आला ते विचारू नये. अंमलदार वयस्क मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी डबी उघडली आणि हे काय म्हणून विचारले. मी सांगितले, आईचा देव. त्यांनी किंमत विचारली. मला सांगता येईना. त्यांनी माझ्यादेखत लिहिले, पत्थर, एक नग, महसूल काही नाही. मग हात न लावता, कापसासकट, दोन्ही हातांनी डबी माझ्यापुढे धरली. म्हणाले की दीड महिना झाला, आम्ही रोज वाट पाहत होतो, कोणी येऊन एवढे सांगितले असते तर त्याच दिवशी दिले असते.

मी सगळे सांगायचे ठरवून आले होते. तुमच्या पत्रातले मला पटले नव्हते. गाडीत मी वाक्ये जुळवीत होते.

अव्वा ओसरीवर बसली होती. मी पायांवर डोके ठेवले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि वहिनींना हाक मारून विचारले की महादेवी आली आहे ना. मी बोलत होते, माझा आवाज तिला ऐकू येत होता, तरी तिने विचारले. बाळाला मांडीवर दिले. त्याचे अंग थोडे गरम होते. तिने कपाळाला हात लावला, काढला, आणि मला म्हणाली, तू बघ. लुगडे नेसताना हे माझेच का म्हणून विचारते. ताटात वाढलेली भाकरी ज्वारीची का, तेही. वहिनी सांगतात ते सगळे ती ऐकते. इतके ऐकणारी अव्वा मी पाहिली नव्हती. मला सांगवेना. ही जेवते आहे, ते तुमच्या शब्दावर जेवते आहे, हे माझ्या लक्षात आले.

पण परत तसेच घेऊन जायचेही होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिची पूजा झाल्यावर, मी म्हटले की बाळाच्या गळ्यात बांधायला लिंग आणले आहे, तुझा हात लागू दे. आणि तिचे लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवले.

तिने बोटे मिटली. अंगठा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. तिचे ओठ पूजेत हलतात तसे हलू लागले. मी म्हटले, अव्वा, काय वाटते? मला वाटले, आता ती म्हणेल, हे माझे. ती म्हणाली असती तर मी सगळे सांगितले असते, पुढे काय व्हायचे ते होवो.

पुष्कळ वेळाने तिने मूठ उघडली आणि हात माझ्याकडे केला. म्हणाली की कल्याण आला की त्याला दाखव, हे कोणाचे आहे ते तो सांगेल. माझ्या हाताला काही कळत नाही.

ते बाळाच्या गळ्यात बांधले आहे.

ती. वहिनींना शरणार्थ. लोभ आहे तसा राहावा.

आपली
महादेवी